गोंद न धरणारी टाकी

होंडाची एक्सआर४००आर ही मोटारसायकल १९९६च्या मॉडेलपासून २००४पर्यंत बनत होती. एकच सिलिंडर, ३९७ सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, बटण-स्टार्ट नाही. किक मारायची आणि निघायचं. कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाचं वाळवंट, मेक्सिकोतला बाहा द्वीपकल्प, ऑस्ट्रेलियातली झुडपी रानं, अशा ठिकाणी ती आजही धावते. तिचं इंजिन दणकट आहे. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटी आजही मिळतात आणि जाणता माणूस ते काम घरच्या गॅरेजमध्ये करतो. पंचवीस वर्षांनंतर अशा गाडीला घरी बसवते ती बहुतेकदा एक साधी दिसणारी वस्तू, पेट्रोलची प्लास्टिकची टाकी.

सुरुवात वासाने होते. गॅरेजचं दार उघडलं की पेट्रोलचा वास येतो, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. मग कधीतरी टाकीच्या पोटाखाली, कॉकच्या आसपास किंवा बोल्टच्या भोकापाशी ओलसर रेघ दिसते. पुसली की जाते, तासाभराने परत येते. नखाने चाचपलं तर केसाएवढी चीर लागते.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात इथे पहिला उपाय एम-सीलचा येईल, आणि तो काही वेडगळ विचार नाही. भारतातल्या बहुतेक मोटारसायकलींच्या टाक्या पत्र्याच्या. पत्र्याची टाकी गंजून गळायला लागली की मिस्त्री ती उतरवतो, धुतो, डाख लावतो किंवा पितळेचं वेल्डिंग करतो. घाईत असेल तर पृष्ठभाग घासून एम-सील थापतो, आणि ते लोखंडाला घट्ट धरतंही. प्लास्टिकच्या टाकीवर तेच एम-सील थापून पाहिलं तर दुसऱ्या दिवशी ते अखंड चकतीसारखं उचलून हातात येतं. दोष एम-सीलचा नाही आणि थापणाऱ्याचाही नाही. ज्या गुणामुळे हे प्लास्टिक पेट्रोल साठवायला लायक ठरलं, त्याच गुणामुळे ते गोंद धरत नाही. टाकी बदलण्याच्या कामातला प्रत्येक निर्णय या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो, म्हणून आधी ती नीट पाहू.

मार्च १९३३मध्ये इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या विनिंग्टन इथे, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दोन हजार पट दाब आणि सुमारे १७० अंश सेल्सियस तापमान. त्यांना हवी असलेली रासायनिक क्रिया झाली नाही. भांड्यात उरला मेणासारखा पांढरा पदार्थ. ते पॉलिथिलीन होतं. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरचं वेष्टण म्हणून त्याने मोठं काम केलं. पण हे प्लास्टिक मऊ होतं. टाकी बनवण्याइतकं कडक पॉलिथिलीन १९५०च्या दशकात आलं. अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियमच्या होगन आणि बँक्स यांनी, आणि जर्मनीत म्युलहाइम इथे कार्ल झीग्लर यांनी १९५३मध्ये, कमी दाबात सरळ लांब साखळ्या गुंफण्याची रीत शोधली. झीग्लर यांना ज्युलिओ नाटा यांच्याबरोबर १९६३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जास्त घनतेचं पॉलिथिलीन, म्हणजे एचडीपीई, ते हेच.

या साखळीत कार्बन आणि हायड्रोजनशिवाय काही नसतं. ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही, विद्युतभार एका बाजूला झुकलेला असा एकही कोपरा नाही. पाण्याला, आम्लांना, अल्कलींना पकडायला तिथे काही सापडत नाही, म्हणून ते गंजत नाही आणि झिजत नाही. गोंदालाही नेमकं हेच हवं असतं, पकडायला काहीतरी. एम-सीलसारखं इपॉक्सी पॉलिथिलीनवर पसरतच नाही. त्याच्यावर पाणी जसं थेंब धरून बसतं तसंच इपॉक्सीही बसतं. कारखान्यात या पृष्ठभागावरून ज्योत फिरवून किंवा प्लाझ्माचा मारा करून वरच्या थरात ऑक्सिजन बसवतात, मगच त्यावर रंग किंवा छपाई टिकते. घरच्या गॅरेजमध्ये, आणि तेही पेट्रोल मुरलेल्या टाकीवर, ज्योत फिरवण्याचा विचार कुणी करू नये.

तरीही हेच प्लास्टिक का घेतलं, याचं उत्तर रानवाटेवर पडल्यावर मिळतं. त्याआधी अशा गाड्यांना पत्र्याच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या टाक्या असत. पत्रा पोचतो आणि गंजतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण सांध्याच्या वेल्डिंगपाशी थरथरीने फुटतं. फायबरग्लास दगडावर आपटलं की चिरफाळतं, आणि चिरफाळलेल्या टाकीखाली तापलेला एक्झॉस्ट असतो. पॉलिथिलीन आपटलं तर दबतं आणि परत उसळून जागेवर येतं. शिवाय साच्यात ते हवा तो आकार घेतं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारी, इंजिनच्या खांद्यापर्यंत पोचणारी टाकी पत्र्यातून ठोकून काढणं महागात पडतं. प्लास्टिकमधून ती एका तुकड्यात निघते. इटलीत बेर्गामोजवळच्या आल्बिनो गावात फ्रांको आचेर्बिस यांनी १९७३मध्ये सुरू केलेली कंपनी याच ओळखीवर उभी राहिली. लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या गाड्यांवर दिसणाऱ्या मोठ्या टाक्यांमध्ये तिचं नाव आजही पुढे आहे. मोटारींमध्येही त्याच दशकात फोक्सवॅगनने प्लास्टिकची टाकी मोठ्या प्रमाणावर आणली.

बाजारात वेगळ्या विकत मिळणाऱ्या मोठ्या टाक्या बहुतेक फिरत्या साच्यात बनतात. पोकळ धातूच्या साच्यात मोजून प्लास्टिकची पूड घालायची, साचा भट्टीत नेऊन दोन अक्षांभोवती सावकाश फिरवत ठेवायचा. पूड वितळून आतल्या भिंतीवर सगळीकडे थर धरते. मग तसाच फिरवत थंड करायचा आणि उघडायचा. ही रीत आपल्या डोक्यावरच आहे: महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गच्चीवरची काळी पाण्याची टाकी अशीच बनते. गुजरातेतल्या कलोलच्या सिंटेक्सने १९७५मध्ये ती आणली आणि पुढे तिचं नावच टाकीला पडलं. ती काळी असते ती काजळीमुळे, आणि काजळी असते ती उन्हासाठी. पॉलिथिलीनचा उन्हापुढे निभाव लागत नाही. अतिनील किरणांनी त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि पृष्ठभाग ठिसूळ होतो. काजळी ते किरण वरच्या वर शोषून घेते. मोटारसायकलच्या पांढरट, अर्धपारदर्शक टाकीला ही सोय नाही. आतलं पेट्रोल बाहेरून दिसतं, वाळवंटात तो मोठा आधार वाटतो, आणि त्याची किंमत टाकीच्या आयुष्यातून जाते. रसायनं मिसळून उन्हाचा मारा लांबवता येतो, थांबवता येत नाही. म्हणून अर्धपारदर्शक टाकीची गाडी अंगणात उभी करायची तर तिच्यावर आच्छादन हवंच, असं माझं ठाम मत आहे.

ऊन हे एक कारण झालं. दुसरं कारण पेट्रोल स्वतः. पॉलिथिलीन पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण थोडं पेट्रोल पितं. पेट्रोलही शेवटी कार्बन-हायड्रोजनचंच, त्यामुळे दोघांचं काही प्रमाणात जमतं. भरलेली टाकी किंचित फुगते, रिकामी होऊन वाळली की आक्रसते. प्यालेलं पेट्रोल हळूहळू बाहेरच्या बाजूने वाफ होऊन निघून जातं. जुन्या टाक्यांवरच्या स्टिकरखाली फोड येतात ते यामुळे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८च्या मॉडेलपासून रानवाटांच्या मोटारसायकलींनाही याची मर्यादा घातली: टाकीच्या दर चौरस मीटरमधून दिवसाला जास्तीत जास्त दीड ग्रॅम. साध्या पॉलिथिलीनमधून याच्या कित्येक पट वाफ जाते. म्हणून नव्या टाक्यांच्या आतल्या पृष्ठभागावर फ्लोरिनची प्रक्रिया करतात किंवा मध्ये दुसऱ्या प्लास्टिकचा अडसर घालतात. एक्सआर४००आर त्या नियमाच्या आधीची. तिच्या बंद गॅरेजात थोडासा वास येणं हे टाकी फुटल्याचं लक्षण असेलच असं नाही.

तिसरं कारण सगळ्यात कमी माहीत असलेलं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. पॉलिथिलीनच्या आत काही भागांत साखळ्या शिस्तीत घड्या घालून बसलेल्या असतात, म्हणजे स्फटिक झालेल्या असतात. मधल्या भागात त्या मोकळ्या असतात. काही साखळ्या एका स्फटिकातून निघून दुसऱ्यात शिरतात. गोधडीच्या चिंध्या टाक्यांनी एकत्र राहाव्यात तसे हे स्फटिक त्या साखळ्यांनी एकत्र राहतात. एखाद्या जागी सतत ताण असेल तर हे टाके एकेक करून सुटत जातात. त्याच वेळी तिथे साबणाचं पाणी किंवा तत्सम द्रव असेल तर सुटण्याचा वेग कितीतरी वाढतो. ताण नसताना साबण काही करत नाही, आणि साबण नसताना तो ताण प्लास्टिक वर्षानुवर्षं सोसतं. दोन्ही एकत्र आले की तडा जातो, आणि तोही ठिसूळ काचेसारखा, आधी काही न वाकता. प्लास्टिक-उद्योगात याची प्रमाणित चाचणीच आहे: पट्टीला बारीक खाच पाडतात, ती वाकवून धरतात आणि साबणासारख्या द्रावणात बुडवून किती तासांत फुटते ते पाहतात.

रानवाटांवर फिरणाऱ्यांमध्ये एक जुनी युक्ती चालते. टाकी पाझरायला लागली की अंगाच्या साबणाची कोरडी वडी चिरेवर घासायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे चीर भरते आणि माणूस घरापर्यंत पोचतो. युक्ती खरी आहे आणि अडचणीच्या वेळी करावी. पण घरी आल्यावर टाकी बरी झाली असं समजून ती साबणाच्या पाण्याने धूत राहिलं, तर ताणाच्या जागी नेमकं नको ते द्रव्य मुरवल्यासारखं होतं.

म्हणजे प्रश्न ताणाचा आहे. सतत ताण कुठे असतो, हे चीर पाहिल्यावर कळतं. पहिली जागा बोल्टच्या भोकांची. या घराण्याच्या गाड्यांत टाकी पुढे हँडलच्या गळ्याजवळ आणि मागे सीटखाली धरलेली असते. कुठे बोल्टने, कुठे रबरी पट्ट्याने, मॉडेलप्रमाणे रचना बदलते. जिथे बोल्ट आहे तिथे भोकात रबरी बुश असतो आणि बुशच्या आत एक छोटी धातूची नळी, कॉलर. बोल्ट आवळला की तो त्या कॉलरवर टेकतो आणि थांबतो. रबर चेंगरत नाही, प्लास्टिकवर दाब येत नाही, आणि टाकी जराशी डुलायला मोकळी राहते. वीस-पंचवीस वर्षांत टाकी अनेकदा निघते आणि बसते. एखाद्या वेळी कॉलर घरंगळून जातो, कोणी त्याच्या जागी मोठा वायसर घालतो आणि बोल्ट जीव खाऊन आवळतो. त्या दिवसापासून भोक असलेला प्लास्टिकचा तो कान चोवीस तास ताणाखाली राहतो. पेट्रोल भरल्यावर टाकीला फुगायचं असतं, बोल्ट फुगू देत नाही. चौकट थरथरते, टाकीला डुलायचं असतं, तेही बंद झालेलं असतं. मग कधीतरी चीर पडते आणि लोक म्हणतात, प्लास्टिक जुनं झालं.

दुसरी जागा कॉकभोवती. प्लास्टिकमध्ये आटे टिकत नाहीत, म्हणून बनवतानाच तिथे धातूच्या आटेदार पुंगळ्या बसवतात. कॉक गळतो म्हणून त्याचे बोल्ट अधिक आवळायचे, असं बऱ्याचदा होतं, खरं तर गळत असते आतली वाळलेली ओ-रिंग. जास्त आवळल्याने पुंगळी वर ओढली जाते आणि तिच्या कडेने बारीक किरणांसारख्या चिरा निघतात. तिसरी जागा समोरच्या पंखांच्या, म्हणजे टाकीच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या श्राउडच्या, बोल्टची. गाडी पडते तेव्हा आधी पंख आपटतो आणि तरफेसारखा तो सगळा झटका पुंगळीवर देतो. चौथी जागा टाकीच्या पोटाखाली, जिथे चौकटीची नळी घासते. एक्सआर४००आरमध्ये इंजिनचं तेल चौकटीच्याच नळ्यांत असतं, त्यामुळे ती चौकट चांगली तापते. तिथला रबरी किंवा फोमचा तुकडा झिजून गेला असेल तर घासणं आणि उष्णता एकाच ठिकाणी येतात.

टाकी बदलण्याआधी चिरेची जागा नीट पाहून ठेवावी, असं मी म्हणतो ते यासाठी. चीर कशामुळे पडली हे शोधलं नाही तर नवी टाकीही त्याच जागी फुटेल.

एक कारण मात्र बऱ्याचदा उगाच पुढे केलं जातं: इथेनॉल. याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे, कारण देशातले इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचे पहिले पथदर्शी प्रयोग २००१मध्ये झाले तेव्हा त्यांत मिरज आणि मनमाड होती. आपल्या उसाच्या मळीतून आलेलं इथेनॉल आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत पोचलं आहे. इथेनॉलने फायबरग्लासच्या जुन्या टाक्यांची राळ खरोखर मऊ पडते. नायलॉनच्या टाक्या फुगतात. इटलीच्या डुकाटीच्या काही मॉडेलच्या नायलॉनच्या टाक्या अमेरिकेत इतक्या फुगल्या की प्रकरण न्यायालयात गेलं. नायलॉनच्या साखळीत पाण्याला आणि अल्कोहोलला धरायला जागा असतात, म्हणून हे होतं. पॉलिथिलीनला इथेनॉलचं विशेष वावडं नाही. एक्सआरच्या टाकीला तडा गेला तर इथेनॉलला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र कॉकमधल्या जुन्या रबरी ओ-रिंगा आणि कार्बोरेटरच्या नळ्या त्याने लवकर खराब होऊ शकतात. टाकी उतरवलेलीच असते तेव्हा त्याही बदलाव्यात.

आता वेल्डिंगचं पाहू. पॉलिथिलीन वितळतं, मग त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून चीर भरता येणार नाही का? कधी येते, कधी नाही. आधी टाकी कशाची आहे ते कळायला हवं. पुष्कळ टाक्यांच्या पोटाखाली दोन कोनांच्या खुणांमध्ये प्लास्टिकचं संक्षिप्त नाव कोरलेलं असतं. नसेल तर न दिसणाऱ्या जागेवरून चाकूने बारीक खरवड काढून पाण्यात टाकावी. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं, ते तरंगतं, नायलॉन बुडतं. पण पॉलिथिलीनमध्येही दोन जाती आहेत. फिरत्या साच्यातल्या कित्येक टाक्या अशा पॉलिथिलीनच्या असतात की भट्टीतच त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठींनी बांधल्या जातात. त्यामुळे चिवटपणा खूप वाढतो, पण एकदा गाठी पडल्या की ते प्लास्टिक परत वितळत नाही. गरम केलं तर रबरासारखं लिबलिबीत होतं, वाहत नाही, आणि पुढे करपतं. त्यावर वेल्डिंग होत नाही. खरवड टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत तापवून पाहिली की हा फरक कळतो.

साधं एचडीपीई असलं तरी अडचण आहेच. वर्षानुवर्षं पेट्रोल प्यालेलं प्लास्टिक तापवलं की आतून वाफ बाहेर येते, वेल्डमध्ये बुडबुडे होतात आणि सांधा कच्चा राहतो. रिकाम्या टाकीचा धोका तर भरलेल्या टाकीहून मोठा. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ टक्के ते ७.६ टक्के असेल तर ती पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत मिश्रण बरोबर या पट्ट्यात येऊ शकतं. वेल्डिंग जमलंही, तरी चिरेच्या टोकापुढचं प्लास्टिक आधीच थकलेलं असतं. टूलबॉक्सचं झाकण किंवा मडगार्ड असतं तर मी म्हटलं असतं, करून पाहा. मांड्यांच्या मध्ये आणि तापलेल्या इंजिनच्या वर बसणारी टाकी मात्र बदलावी.

नवी टाकी म्हणजे कोणती? कंपनीची मूळ टाकी मिळाली तर सगळ्यात सोपं, पण इतक्या जुन्या गाडीचे मूळ भाग हळूहळू बंद होत जातात. वापरलेली मूळ टाकी मिळते. ती घेताना पाहायची जागा वर सांगितलेल्याच. कान, पुंगळ्या, पोट. उजेडासमोर धरून अंगठ्याने दाबलं की बारीक चिरा पांढऱ्या रेघांसारख्या उमटतात. तिसरा मार्ग आचेर्बिस, क्लार्क, आयएमएस अशा कंपन्यांच्या मोठ्या टाक्यांचा. मूळ टाकी साधारण साडेनऊ लिटरची. बाहासारख्या ठिकाणी, जिथे दोन पंपांमध्ये दिवस जातो, तिथे ती अपुरी पडते. तीन ते चार अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ११ ते १५ लिटरच्या टाक्या लोक त्यासाठीच लावतात. पण एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं. पाच लिटर वाढले तर जवळजवळ चार किलो, आणि तेही उंचावर, पुढच्या चाकाकडे. वाळूत आणि उतारावर ते जाणवतं. मला विचाराल तर, गाडी गावाजवळच्या टेकड्यांवरच फिरणार असेल तर लहान टाकी बरी.

काम सुरू करण्याआधी जागा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीवर पसरत जाते आणि लांबच्या शेगडीपर्यंत किंवा गीझरच्या ज्योतीपर्यंत पोचते. म्हणून हे काम उघड्यावर, इंजिन पूर्ण गार झाल्यावर. कॉक बंद करून कार्बोरेटरकडची नळी काढायची, तिला लांब नळी जोडून पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये उतरवायचं. कॅन जमिनीवर टेकलेला असावा, हातात धरू नये. प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि जमिनीशी जोडलेलं भांडं ती वाहून नेतं.

मग बाजूची झाकणं आणि सीट निघते, टाकीच्या झाकणाची हवेची नळी हँडलच्या मधल्या नटमधून ओढून काढायची, पंख सोडवायचे, टाकीचं बंधन सोडवायचं आणि टाकी मागे सरकवून वर उचलायची. पुढची बाजू चौकटीवरच्या दोन रबरी बुशांत घट्ट बसलेली असते. उचकटण्याऐवजी डावी-उजवीकडे हलवत मागे ओढावी. कुठला बोल्ट, कुठला कॉलर, कुठला रबराचा तुकडा कुठून निघाला याचे फोटो काढून ठेवावेत. टाकी निघाली की चौकटीवरची माती पुसून पाहायचं: रबर झिजलंय का, एखादी तार घासतेय का, बुश कडक होऊन फुटलाय का. बुश आणि कॉलर नवे घ्यावेत. टाकीच्या खर्चापुढे त्यांची किंमत नगण्य, आणि नव्या टाकीचं आयुष्य त्यांच्यावरच ठरतं.

नवी टाकी लगेच बसवू नये. फिरत्या साच्यातून आलेल्या टाकीत प्लास्टिकची भुकटी आणि भोकं पाडताना निघालेली कातरणं राहतात. थोडं पेट्रोल घालून हलवून ते बाहेर ओतायचं, दोनदा-तीनदा. मग कॉक बसवायचा. जुना कॉक वापरायचा असेल तर त्याची आतली जाळी स्वच्छ करून ओ-रिंग नवी. बोल्ट सुरुवातीचे आटे सरळ धरतायत ना हे पाहून हाताने आत न्यायचे आणि छोट्या पान्याने, दोन बोटांच्या जोराने आवळायचे. सिलिकॉन लावू नये, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि तुकडे कार्बोरेटरमध्ये जातात. बसणारा पृष्ठभाग सपाट आणि ओ-रिंग नवी असेल तर कशाचीच गरज पडत नाही.

आता टाकी पेट्रोलने भरून मोकळ्या, सावलीच्या जागी, खाली कोरडा कागद घालून एक दिवस ठेवावी. याने दोन गोष्टी होतात. गळत असेल तर ते गाडीवर चढवण्याआधी कळतं. आणि प्लास्टिक पेट्रोल पिऊन ज्या मापाला यायचं त्या मापाच्या दिशेने सरकतं. कोरड्या टाकीची भोकं चौकटीशी जुळली नाहीत म्हणून तिला दोरीने ओढून बोल्ट घुसवणारे आहेत. त्या ओढीचा ताण टाकीत कायमचा राहतो. भरून ठेवलेल्या टाकीची भोकं पुष्कळदा आपोआप जवळ येतात. तरीही थोडा फरक राहिला तर कानाचं भोक किंचित लांबट करावं, टाकी ओढू नये. नंतर पेट्रोल काढून घ्यायचं आणि टाकी चढवायची.

बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावं; मोठी टाकी असेल तर अ‍ॅक्सिलरेटरची तार किंवा क्लचची तार तिच्यात आणि चौकटीत अडकू शकते. कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी मुरगळलेली नसावी, उतरती असावी, एक्झॉस्टपासून लांब असावी. या गाडीत पंप नाही; पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं, त्यामुळे नळीची उंचसखल वाट इथे चालत नाही. टाकीच्या पोटाखाली चौकट जिथे लागू शकते तिथे पेट्रोल सोसणाऱ्या रबराची पट्टी चिकटवावी. ती चौकटीला चिकटवायची, टाकीला चिकटणारच नाही. बोल्ट कॉलरवर टेकला की थांबायचं आणि हाताने टाकी हलवून पाहायची: ती रबरावर किंचित हलली पाहिजे.

झाकणाची हवेची नळी मातीने बुजलेली नाही ना, हे फुंकून पाहावं. ती बुजली की पेट्रोल खाली जाताना आत निर्वात होतं, टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात, गाडी खोकून बंद पडते आणि झाकण उघडलं की टाकी परत बाहेर येते. हे रोज होत राहिलं तर प्लास्टिक त्याच घडीवर थकत जातं. काठोकाठही भरू नये. दहा लिटर पेट्रोल तीस अंशांनी तापलं की पाव लिटरहून जास्त वाढतं, त्याला आत जागा हवी.

पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळण्याची सवय इंजिनच्या बाबतीत ठीक आहे. इथे फक्त पाहावं, कॉकभोवती कोरडं आहे का, आणि कोरडं असेल तर हात लावू नये.

राहिली जुनी टाकी. ती भंगारात जशीच्या तशी देऊ नये, कारण कोणीतरी चीर भरून पुन्हा वापरायला काढेल. झाकण, कॉक, आटेदार बोल्ट, पंखांचे कॉलर आधी काढून घ्यावेत. त्यांतला एखादा भाग पुढच्या वर्षी बाजारात मिळणार नाही. मग टाकी उघडी ठेवून कित्येक दिवस वाऱ्यावर वाळवावी, पाण्याने भरून रिकामी करावी आणि हाताच्या करवतीने आरपार कापून टाकावी. एचडीपीई असेल तर पुनर्वापराला जाते. गाठी पडलेलं पॉलिथिलीन असेल तर ते परत वितळणार नाही, आणि तसं घेणाऱ्याला आधीच सांगावं.